पोट भरलें, तरी हात कां थांबत नाहीं?

खाण्याविषयीं पाठ कशाला हवा, खाणें तर तान्ह्या मुलासही येतें, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु जें काम आपण दिवसांतून तीन-चार वेळां करतों, त्याकडेच आपलें लक्ष सर्वांत कमी असतें. आज सकाळीं चहाबरोबर किती बिस्किटें खाल्लीं, हें संध्याकाळीं विचारलें तर फार थोड्यांस नेमकें सांगतां येईल. म्हणून ह्या पाठांत आपण एकच प्रश्न हातीं घेऊं: पोट भरल्यावरही मनुष्य खात कां राहतो?

ह्या प्रश्नाचें नेहमींचें उत्तर असें कीं, तो मनुष्य हावरा आहे. शेजारणीचें अंग सुटलें कीं लोक तिच्या जिभेस दोष देतात, आणि ती बिचारीही मान खालीं घालून तो दोष पत्करते. ह्या निवाड्यांत मोठा अन्याय आहे. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीं गेल्या सुमारें ऐंशी वर्षांत जे प्रयोग केले, त्यांवरून असें दिसतें कीं, किती खावें हें पुष्कळदां पोट ठरवीत नाहीं. ताटांतील वाढप, बसण्याची जागा, सोबतीचीं माणसें आणि जुन्या आठवणी तें ठरवितात. आणि खाणाऱ्यास त्याची दादही नसते.

विषय क्षुल्लक नाहीं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेली जी मोठी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तींत देशांतील मधुमेही लोकांची संख्या सुमारें १० कोटी १० लक्ष असल्याचा अंदाज दिला आहे. हा रोग केवळ अति खाण्यानें होतो असें नाहीं. आनुवंशिक कारणें, वय, कष्टांचा अभाव हींही त्यांत आहेत. परंतु वाढतें वजन हें त्याचें एक मोठें कारण आहे, आणि एकेकाळीं शहरचा समजला जाणारा हा रोग आतां खेड्यांतील घरांतही शिरला आहे. ज्या घरीं दर महिन्यास औषधांचा खर्च करावा लागतो, त्या घरास ह्या पाठाचें महत्त्व सांगावयास नको.

१. भूक आणि आठवण

शरीरांत भुकेची व्यवस्था आहे, ही गोष्ट खरी. लेप्टिन नांवाचा रस १९९४ सालीं आणि घ्रेलिन नांवाचा १९९९ सालीं शोधकांस सांपडला. पहिला चरबींतून निघतो व सांठा पुरेसा आहे असें मेंदूस कळवितो; दुसरा मुख्यत्वें जठरांतून निघतो व भूक चेतवितो. परंतु जेवतांना पोटाचा निरोप मेंदूपर्यंत पोंहोचण्यास कांहीं मिनिटें लागतात. भराभर जेवणारा मनुष्य तो निरोप येण्यापूर्वींच दोन भाकऱ्या अधिक खाऊन मोकळा होतो.

शिवाय पोटाचा निरोप एकटाच पुरेसा नसतो. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९८ सालीं अशा दोन रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला कीं, ज्यांची स्मरणशक्ति मेंदूच्या विकारामुळें नष्ट झाली होती. नुकतें घडलेलेंही त्यांच्या ध्यानांत राहत नसे. त्यांस पोटभर जेवण दिलें. नंतर दहा ते तीस मिनिटांनीं पुन्हा तसेंच ताट पुढें ठेविलें, तेव्हां तेंही त्यांनीं खाल्लें. आणि तिसरें ताट आलें तेव्हां बहुधा त्यासही त्यांनीं हात घातला. पोट तर भरलेलेंच होतें. नव्हती ती जेवल्याची आठवण.

ह्यावरून आपण काय शिकावें? आपण जेवलों, ही जाणीवच तृप्तीचा एक भाग आहे. जो मनुष्य मोबाइलकडे पाहत जेवतो, त्याचें पोट भरतें पण स्मरणांत जेवणाची नोंद नीट होत नाहीं. मग थोड्या वेळानें तो फरसाणाचा डबा उघडतो व आपणांस भूक लागली असें समजतो. कित्येक माता मुलाच्या हातीं मोबाइल देऊन त्याच्या तोंडांत घांस घालतात. घांस जातात हें खरें. परंतु आपलें पोट ओळखण्याचें शिक्षण त्या मुलास मिळत नाहीं.

२. डोळा आणि ताट

बार्बरा रोल्स ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांस चीज घातलेल्या मॅकरोनीचें जेवण कधीं ५०० ग्रॅम, कधीं त्याहून अधिक, आणि कधीं १००० ग्रॅमपर्यंत वाढलें. सर्वांत मोठें वाढप पुढें आलें त्या दिवशीं लोकांनीं लहान वाढपाच्या मानानें सुमारें ३० टक्के अधिक खाल्लें. भूक मात्र तीच होती. त्याच विदुषीच्या १९८१ सालच्या प्रयोगांत असें आढळलें कीं, एकाच प्रकारचें सारण असलेलीं सँडविचें देण्याऐवजीं चार प्रकारचीं दिलीं असतां लोक सुमारें एक तृतीयांश अधिक खातात. एका चवीनें जीभ कंटाळते, पण नवी चव आली कीं ती पुन्हा ताजी होते.

आमच्या लग्नाच्या पंगतींत हा प्रयोग दर हंगामांत घडतो. मसालेभात पुरे म्हणून पाहुणा पानावर आडवा हात धरतो. तोंच जिलबी येते आणि तो हात आपोआप बाजूस होतो. त्यांत आग्रहाची भर पडते. "माझ्या हातची एक तरी घ्या," असें यजमानीण म्हणते, आणि नाहीं म्हणणें हा तिचा अपमान होईल म्हणून पाहुणा घेतो. आग्रहाच्या मुळाशीं प्रेम आहे, त्याची थट्टा करूं नये. परंतु ज्या पाहुण्यास मधुमेह आहे, त्यास तिसऱ्या जिलबीचा आग्रह करणें म्हणजे प्रेमानें त्याचें अहित करणें होय.

३. जागा आणि संवय

अमेरिकेंत चित्रपट पाहतांना मक्याच्या लाह्या खाण्याची रीत आहे. डेव्हिड नील, वेंडी वुड व इतर अभ्यासक ह्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं प्रेक्षकांस ताज्या लाह्या आणि कांहींस सात दिवसांच्या शिळ्या लाह्या दिल्या. ज्यांस चित्रपटगृहांत लाह्या खाण्याची पक्की संवय होती, त्यांनीं शिळ्याही ताज्यांइतक्याच खाल्ल्या. त्या बेचव आहेत हें कळत असूनही हात थांबला नाहीं. पण तशाच संवयीच्या लोकांस जेव्हां दुसऱ्या खोलींत गाण्यांचीं चित्रें पाहावयास बसविलें, तेव्हां त्यांनीं शिळ्या लाह्या कमी खाल्ल्या. आणि चित्रपटगृहांतही नेहमींच्या हाताऐवजीं दुसऱ्या हातानें खावयास लाविलें, तेव्हांही संवयीचा जोर ओसरला.

म्हणजे संवय ही त्या जागेंत आणि त्या हालचालींत दडलेली असते. चार वाजले कीं चहा, चहा आला कीं खारी; दूरदर्शन लागलें कीं शेंगदाणे; दुकानावर उभें राहिलें कीं पुडा. ह्यांत भुकेस कोणी विचारीतच नाहीं. शिवाय पुड्यांतील मालाचा स्वतःचाही एक गुण आहे. केव्हिन हॉल ह्यांच्या २०१९ सालच्या प्रयोगांत वीस माणसांस दोन आठवडे कारखान्यांत पुष्कळ प्रक्रिया केलेले पदार्थ आणि दोन आठवडे साधे पदार्थ हवे तितके खाऊं दिले. पुढें ठेविलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत साखर, चरबी व मीठ ह्यांचें प्रमाण सारखें राखलें होतें. तरी प्रक्रिया केलेले पदार्थ असतांना ते दररोज सुमारें ५०० कॅलरी अधिक खात, आणि अधिक भराभर खात.

४. उपासमारीचा ठसा

आतां एक अधिक गंभीर गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपांतील उपाशी लोकांस पुन्हा अन्नावर कसें आणावें, हें समजून घेण्यासाठीं अँसेल कीज ह्यांनीं मिनेसोटा विद्यापीठांत १९४४ व १९४५ सालीं एक प्रयोग केला. सद्सद्विवेकबुद्धीस अनुसरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले छत्तीस तरुण त्यासाठीं स्वखुषीनें पुढें आले. सुमारें सहा महिने त्यांस अर्धपोटीं ठेविलें, आणि त्यांचें वजन सुमारें एक चतुर्थांश घटलें. त्यांचीं मनें अन्नानें व्यापून गेलीं. ते पाककृतींचीं पुस्तकें वाचीत, ताट चाटून पुसून ठेवीत. उपासमार संपल्यावर कित्येकांनीं अतोनात खाल्लें. पोट फुटेपर्यंत खाल्लें तरी भूक शमली नाहीं, असें ते म्हणत.

हे तरुण परदेशचे होते; परंतु हा ठसा आमच्या घरांतही ओळखूं येतो. महाराष्ट्रांत १९७२ सालीं मोठा दुष्काळ पडला. खडी फोडण्याच्या कामावर ज्यांनीं सुकडीवर दिवस काढले, ते आज आजी-आजोबा आहेत. नातवाच्या ताटांत दोन घांस उरले कीं आजीचा जीव कासावीस होतो, आणि "टाकूं नकोस, संपव" असें ती म्हणते. तिच्या अनुभवानें ती खरेंच बोलते. पण ज्या दिवशीं घरांत अन्न पुरेसें आहे, त्या दिवशीं पोट भरल्यावर तें घांस मुलाच्या पोटांत लोटल्यानें कोणाही भुकेल्याचें पोट भरत नाहीं. उरलेली भाकरी दुरडींत झांकून ठेवितां येते. ताटांत प्रथमच कमी वाढतां येतें.

घरच्या सुनेची गोष्ट तर कोणी लक्षांतच घेत नाहीं. सर्वांचीं जेवणें होईपर्यंत ती थांबते. मग मुलांचें उष्टें, पातेल्याच्या बुडाचा भात, सकाळची शिळी भाकरी, वायां जाऊं नये म्हणून तीच खाते. कधीं तिला कमी पडतें, कधीं भुकेवांचून अधिक खावें लागतें; आणि पुढें तिचें वजन वाढलें कीं तिलाच हावरी म्हणतात! ज्या घरांत असें चालतें, त्या घरानें आपल्या जेवणाचा क्रम बदलला पाहिजे.

मिनेसोटाच्या प्रयोगापासून आणखी एक बोध घ्यावा. वजन उतरविण्यासाठीं एकदम कडक उपास करणें बहुधा टिकत नाहीं. शरीर त्यास दुष्काळ समजतें, आणि मन अन्नाभोंवतीं फिरूं लागतें. शिवाय १९७५ सालच्या एका प्रयोगांत असें दिसलें कीं, खाण्यावर सदा निर्बंध घालणाऱ्या लोकांस प्रथम दुधाचें गोड पेय दिलें, तर ते पुढें आइस्क्रीम उलट अधिकच खातात. नियम मोडलाच, मग आतां काय राहिलें, असा त्यांच्या मनाचा कल होतो.

५. घरीं करण्याजोगे उपाय

दोष इच्छाशक्तीपेक्षां मांडणींत अधिक असेल, तर उपायही मांडणींतच शोधावा.

पहिला: ताटांत प्रथम थोडें वाढावें, आणि पुन्हा घेण्यापूर्वीं कांहीं मिनिटें थांबावें. जेवणापूर्वीं प्रार्थना करण्याची रीत ज्या घरांत आहे, त्यांनीं ती घाईनें उरकूं नये. त्या क्षणीं ताटाकडे पाहावें व आपणांस किती भूक आहे हें स्वतःस विचारावें.

दुसरा: फरसाण व बिस्किटें ह्यांचे डबे हाताशीं व डोळ्यांसमोर ठेवूं नयेत. पुड्यांतून खाऊं नये. वाटींत काढून घ्यावें व पुडा बंद करावा.

तिसरा: जेवतांना मोबाइल व दूरदर्शन बंद असावें. हा नियम वडील माणसांनीं प्रथम पाळावा.

चौथा: पाहुण्यास एकदां विचारावें, दोनदां विचारावें; तिसऱ्यांदा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा.

पांचवा: झोंप पुरी घ्यावी. २००४ सालीं बारा तरुणांवर झालेल्या प्रयोगांत, दोन रात्री चारच तास झोंप दिली असतां घ्रेलिन वाढलें, लेप्टिन घटलें आणि भूक वाढली.

येथें दोन सूचना अवश्य आहेत. जो मधुमेहाचें औषध किंवा इन्सुलिन घेतो, त्यानें वैद्यकीय सल्ल्यावांचून जेवण कमी करूं नये वा उपास करूं नये. त्यांत जिवास धोका आहे. आणि जो मनुष्य वारंवार, गुपचूप, स्वतःस आवरतां येऊं नये अशा रीतीनें फार खातो व मागाहून दुःखी होतो, त्यास एक ओळखलेला मनोविकार असूं शकतो. त्यास उपदेश करीत बसण्याऐवजीं डॉक्टरांकडे न्यावें.

ज्याच्या ताटांत मुळांतच कमी आहे, त्याच्यासाठीं हा पाठ नाहीं; त्याच्या ताटांत घालणें हें आपलें काम आहे. इतरांनीं ह्या आठवड्यांत केवळ लक्ष ठेवावें. कोणास दोष देऊं नये, स्वतःसही नाहीं.

घरीं बसून विचार करण्यासाठीं प्रश्न

१. काल आपण जें जें खाल्लें, त्यांपैकीं भूक लागली म्हणून किती, आणि समोर आलें म्हणून किती?

२. आपल्या घरांत शेवटीं कोण जेवतें, आणि त्या व्यक्तीच्या ताटांत काय असतें?

३. मूल "पोट भरलें" असें म्हणतें, तेव्हां आपण त्याचें ऐकतों काय?

४. आपल्या गांवच्या पुढच्या लग्नांत आग्रहाची रीत प्रेम न दुखवितां कशी बदलतां येईल?