तितिक्षा आणि दुखरं डोकं



आजच्या चिंतनाला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला १४ वा श्लोक घेऊया. भगवान अर्जुनाला सांगतात, इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवणारच. ते येतं आणि जातं, म्हणून सहन कर. या सोसण्याच्या बळालाच तितिक्षा म्हणतात.

डोक्याला मार लागल्यानंतर मला अर्धांगवायूसारखे मायग्रेनचे झटके येऊ लागले. तेव्हापासून हा श्लोक मी जरा जास्तच वेळा उघडतो.

या प्रकाराला हेमिप्लेजिक मायग्रेन म्हणतात. आधी डोळ्यांपुढे चमक, मग बोटांत मुंग्या. त्या हळूहळू हातावर, चेहऱ्यावर चढतात. एक बाजू लुळी पडते, साधे शब्द सापडत नाहीत. १९४४ साली लिआओ या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने मेंदूच्या पृष्ठभागावरून सरकणाऱ्या एका लाटेचं वर्णन केलं. मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर, इतकी ती संथ. मायग्रेनमधली ही लक्षणं अशाच लाटेमुळे पसरत जातात, असं आज मानलं जातं. बहुतेक वेळा अशक्तपणा ७२ तासांच्या आत ओसरतो. येतो आणि जातो, अगदी श्लोकात म्हटल्यासारखा.

मग ‘सहन कर’ म्हणजे नामस्मरण करत घरी पडून राहायचं का? विवेकचूडामणीत तर तितिक्षेची व्याख्याच अशी आहे, की प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता दुःख सोसणं. इथे आपली गल्लत होऊ शकते. गीतेत हा उपदेश कोणाला केलाय ते बघा. धनुष्य खाली ठेवून बसलेल्या माणसाला, त्याने उठावं म्हणून. कर्तव्य सुटू नये यासाठी तितिक्षा आहे, आणि शरीर सांभाळणं हेही कर्तव्यच आहे. सोडायचं आहे ते चिंता-विलापाचं ओझं, औषध नव्हे.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. पक्षाघात बहुधा अचानक येतो आणि मायग्रेन पसरत येतो, पण हा फरक घरी बसून ठरवायचा नसतो. एक बाजू पहिल्यांदाच लुळी पडली, किंवा झटका नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तर वेळ बघून ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. गोळ्याही मनाने घेऊ नका. मायग्रेनची ट्रिप्टान गटातली औषधं या प्रकारात सहसा टाळतात. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागू शकतं.

आता अवघड भाग. डोक्याला मार लागल्यावर बरेच जण काही आठवड्यांत बरे होतात. काहींची चक्कर, उजेड-आवाजाचा त्रास, विसरभोळेपणा, चिडचिड महिनोन्‌महिने राहते. स्कॅन नॉर्मल येतो. स्टँडअपमध्ये सगळे म्हणतात, “अरे, तू तर ठणठणीत दिसतोस!” हे जाणारं दुःख नाही, मुक्कामाला आलेलं आहे. मग श्लोक खोटा का? मला वाटतं, नाही. आजार राहिला तरी त्यातला प्रत्येक दिवस सारखा नसतो. सकाळी नऊला असह्य वाटलेला उजेड संध्याकाळी चालून जातो. ‘हे आता असंच राहणार’ हा मनाचा निकाल असतो. श्लोक तेवढा निकाल मागे घ्यायला सांगतो.

बाकीची वाट सहाव्या अध्यायातल्या १६ आणि १७ व्या श्लोकांत आहे: खाणं, झोप, जागरण, काम सगळं बेतात. न्यूरॉलॉजिस्टही हेच सांगतात. झोपेची वेळ ठरलेली, जेवण चुकवायचं नाही, काम हळूहळू वाढवायचं. उपाशी राहिल्याने झटका येत असेल, तर एकादशीला वेळेवर साधं खा. पांडुरंग तुमच्या ताटाचा हिशेब ठेवत नाही. टाळ-मृदंगाचा आवाज सोसवत नसेल, तर अंधाऱ्या खोलीत मनातल्या मनात नाम घ्या.

आजचा अभ्यास: त्रास होईल तेव्हा ‘मी असा झालोय’ असं न म्हणता ‘आत्ता असं होतंय’ म्हणून बघा. आणि घरात-ऑफिसात कोणी असा त्रास सांगत असेल, तर त्याच्याकडे पुरावा मागू नका. खोलीतला दिवा तेवढा मंद करा.

राम कृष्ण हरी.