सहाध्यायांसाठी इंग्रजी शब्दांची निवड

मराठीतील ‘वर्गमित्र’ या शब्दात मैत्री गृहीत आहे. इंग्रजीतील ‘क्लासमेट’मध्ये ती नाही. म्हणून ‘क्लास-फ्रेंड’ असे शब्दशः भाषांतर टाळावे. ‘वर्गमित्र’, ‘वर्गमैत्रीण’ हा लिंगभेदही ‘क्लासमेट’ दर्शवत नाही. जोडीने संवाद करताना समोरची व्यक्ती ‘पार्टनर’ असते, गटकार्यात ‘ग्रुप मेंबर’. ‘कलीग’ हा शब्द प्रामुख्याने नोकरीतील सहकाऱ्यासाठी योजतात. ‘बॅचमेट’ भारतीय इंग्रजीत रूढ आहे. इतरत्र तो समजेलच असे नाही.

संपर्कसत्रात शेजारी बसलेली व्यक्ती आपल्याहून वीस वर्षांनी मोठी असू शकते. तिला ‘वर्गमैत्रीण’ म्हणताना आपण संकोचतो. ‘क्लासमेट’ मात्र निःसंकोच म्हणता येते, कारण त्यात वयाचा निर्देश नाही.

स्वाध्याय : ‘क्लासमेट’ व ‘पार्टनर’ हे शब्द वापरून एका सहाध्यायाची इंग्रजीत ओळख करून द्या.