कार्डांच्या ढिगात हरवलेले नाव

एकामागून एक खून करीत जाणारा आणि वर्षानुवर्षे हाती न लागणारा गुन्हेगार विलक्षण बुद्धिमान असला पाहिजे, असा सर्वसाधारण समज आहे. कथाकादंबऱ्यांनी व चित्रपटांनी तो दृढ केला आहे. ज्यांच्या हातून तो निसटतो त्या पोलिसांनाही हा समज गैरसोयीचा नसतो; प्रतिस्पर्धी असामान्य ठरला म्हणजे पराभवाची लाज उरत नाही. परंतु अशा काही प्रकरणांचे दप्तर पुढे उघडले गेले, तेव्हा निराळेच चित्र दिसून आले. इंग्लंडमधील यॉर्कशर भागात १९७५ ते १९८० या काळात झालेले खून हे त्याचे ठळक उदाहरण होय.

३० ऑक्टोबर १९७५ रोजी लीड्स शहरात चार मुलांच्या आईचा पहिला खून झाला. तेव्हापासून नोव्हेंबर १९८० पर्यंत लीड्स, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, हॅलिफॅक्स व मँचेस्टर या शहरांत आणि त्यांच्या आसपास तेरा स्त्रिया मारल्या गेल्या. मागून डोक्यात हातोडीचा घाव घालावयाचा, ही मारेकऱ्याची रीत होती. वृत्तपत्रांनी त्याला १८८८ सालच्या लंडनमधील अज्ञात खुन्यावरून ‘यॉर्कशर रिपर’ हे नाव दिले. प्रत्यक्षात तो पीटर सटक्लिफ नावाचा, ब्रॅडफर्ड येथे राहणारा विवाहित ट्रकचालक होता. याच तपासाच्या ओघात पोलिसांनी त्याची नऊ वेळा विचारपूस केली होती. नऊही वेळा त्याला सोडून देण्यात आले.

तपासाचा पाया प्रथमपासूनच एका बाजूला कलला होता. सुरुवातीला बळी पडलेल्या स्त्रियांपैकी काही देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यावरून मारेकऱ्याला वेश्यांविषयी तिरस्कार असावा, असे अधिकाऱ्यांनी ठरविले. अनुमान म्हणून त्यात वावगे काही नव्हते. पण लवकरच ते अनुमान न राहता गाळणी झाले. जी स्त्री या चौकटीत बसत नसे, तिच्यावरील हल्ला या मालिकेतला नव्हे, असे मानण्यात येऊ लागले. ऑगस्ट १९७५ मध्ये, म्हणजे पहिल्या खुनाच्याही आधी, सिल्सडेन या गावानजीक एका चौदा वर्षांच्या मुलीवर हातोडीने हल्ला झाला होता. हल्लेखोर तिच्याशी गप्पा मारीत बराच वेळ बरोबर चालला होता. ती वाचली, आणि तिने दिलेल्या वर्णनावरून चित्र तयार झाले. डिसेंबर १९७७ मध्ये लीड्समध्ये वाचलेल्या दुसऱ्या एका स्त्रीच्या सांगण्यावरून तयार झालेले चित्र त्याच्याशी मिळतेजुळते होते. तथापि शाळकरी मुलीवरील हल्ला ‘रिपर’चा असणेच शक्य नाही, असे गृहीत धरले गेल्यामुळे ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवलीच गेली नाहीत. तो हल्ला आपणच केल्याची कबुली सटक्लिफने १९९२ मध्ये दिली.

जून १९७७ मध्ये लीड्समध्ये दुकानात काम करणारी सोळा वर्षांची मुलगी मारली गेली, तेव्हा ‘निष्पाप’ बळी असा शब्दप्रयोग करण्यात आला. आधीच्या स्त्रिया मग काय होत्या, हा प्रश्न त्यांच्या मुलांनी कोणाला विचारावयाचा? हा केवळ सभ्यतेचा मुद्दा नव्हे. कोणाच्या जबानीला वजन द्यावयाचे आणि कोणाच्या नाही, हे अशाच शब्दांनी ठरत असते.

असे असूनही धागा पोलिसांच्या हाती आला होता. ऑक्टोबर १९७७ मध्ये मँचेस्टर येथे एका स्त्रीचा मृतदेह सापडला. तिच्या पर्समध्ये पाच पौंडांची कोरी नोट होती. नोटेच्या क्रमांकावरून बँकेचा शोध लागला, आणि बँकेकडून ती कोणकोणत्या कंपन्यांच्या पगाराच्या पाकिटांत गेली असावी हेही कळले. ही नोट मिळू शकली असती असे सुमारे आठ हजार कामगार होते. सटक्लिफ त्यांपैकी एक. नोव्हेंबरमध्ये पोलीस त्याच्याकडे दोनदा गेले. त्या रात्री आपण घरीच होतो, असे त्याने सांगितले व घरच्या माणसांनी दुजोरा दिला. तेवढ्यावर समाधान मानण्यात आले.

पुढल्या भेटींची कारणे निरनिराळी होती. वेश्यावस्तीतून जाणाऱ्या मोटारींचे क्रमांक टिपण्याचे काम चालू होते, आणि त्यात त्याची मोटार वारंवार आढळत होती. प्रत्येक वेळी नवे अधिकारी जात; याच माणसाची यापूर्वी कोणत्या कारणाने चौकशी झाली, हे त्यांना पुष्कळदा ठाऊकच नसे. कारण उघड आहे. लीड्सच्या मिलगार्थ पोलीस ठाण्यातील तपासकक्षात सारी माहिती हाताने कार्डांवर उतरवून घेतली जाई. अडीच लाखांहून अधिक नावे, हजारो जबान्या आणि लाखो वाहनांच्या नोंदी तेथे साचल्या. कागदांचे ओझे एवढे झाले की खालच्या तक्तपोशीला आधार द्यावा लागला. नोंदी करणारे मागे पडत गेले. कार्डे चुकीच्या जागी लागली, काही लागलीच नाहीत. माहिती जमविणे आणि माहिती असणे या दोन गोष्टींत किती अंतर असते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

अशा स्थितीत मार्च १९७८ पासून ‘जॅक द रिपर’ या सहीची पत्रे येऊ लागली, आणि जून १९७९ मध्ये एक ध्वनिफीत आली. तीत एक माणूस तपासप्रमुख जॉर्ज ओल्डफील्ड यांना नाव घेऊन डिवचीत होता. भाषातज्ज्ञांनी ती बोली ईशान्येकडील संडरलँड भागाची असल्याचे अचूक सांगितले. ओल्डफील्ड यांनी आवाज खरा मानला. पत्रात प्रेस्टन येथील १९७५ मधील एका खुनाचा उल्लेख होता आणि तो तपशील खुन्यालाच ठाऊक असणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. वास्तविक तो वृत्तपत्रांत येऊन गेला होता. नॉर्थम्ब्रिया पोलिसांतील एका अधिकाऱ्याने १८८८ सालच्या पत्रांशी असलेले साम्य दाखवून ही बनवाबनवी असल्याचे कळविले. बोली ओळखणाऱ्या तज्ज्ञांनीही तीच शंका बोलून दाखविली. परंतु तोवर टेलिफोनचा ठराविक क्रमांक फिरवून कोणालाही तो आवाज ऐकण्याची सोय झाली होती, जागोजागी फलक लागले होते, आणि ज्याची बोली संडरलँडची नाही त्याला संशयितांतून वगळावे, असा दंडक पडला होता. मारेकऱ्याला यापेक्षा मोठे अभयपत्र मिळाले नसते. ध्वनिफीत आल्यानंतर आणखी तीन स्त्रिया मारल्या गेल्या.

जुलै १९७९ मध्ये एका कनिष्ठ अधिकाऱ्याने सटक्लिफची भेट घेतली. चेहरा चित्रांशी जुळतो, बुटांचे माप लहान, पुढच्या दातांत फट, उत्तरे असमाधानकारक. अस्वस्थ होऊन त्याने तसा लेखी अहवाल वरिष्ठांकडे दिला. वरिष्ठांनी विचारले, याची बोली कोठली? ब्रॅडफर्डची, असे उत्तर मिळताच अहवालावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा पडला. या एका शेऱ्यात संपूर्ण प्रकरण सामावले आहे. डोळ्यांनी पाहिलेला माणूस एकीकडे, न पाहिलेल्या माणसाचा आवाज दुसरीकडे. आणि यंत्रणेने आवाजाची निवड केली.

नोव्हेंबर १९८० मध्ये शेवटचा खून झाला. त्यानंतर सटक्लिफच्या एका मित्राने त्याचे नाव व पत्ता देणारे निनावी पत्र पाठविले, आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतः पोलीस ठाण्यावर जाऊन सांगून आला. पत्रावर तातडीची खूण करण्यात आली, कार्ड तयार झाले, आणि ते इतर कागदांत पडून राहिले.

अखेर त्याला पकडले ते या विशेष पथकाने नव्हे. २ जानेवारी १९८१ च्या रात्री शेफील्डमध्ये गस्त घालणाऱ्या दोघा पोलिसांनी एका उभ्या मोटारीतील पुरुषाला व स्त्रीला हटकले. मोटारीच्या क्रमांकाची पाटी खोटी निघाली. लघवीचे निमित्त करून सटक्लिफ काही क्षण आडोशाला गेला होता, हे त्यांच्यापैकी एकाला, सार्जंट रॉबर्ट रिंगला, दुसऱ्या दिवशी आठवले. तो परत तेथे गेला, तेव्हा हातोडी व सुरी सापडली. ४ जानेवारीला सटक्लिफने कबुली दिली. मे १९८१ मध्ये तेरा खून व खुनाचे सात प्रयत्न यांसाठी त्याला जन्मठेपेची शिक्षा झाली.

या तपासाची छाननी लॉरेन्स बायफर्ड यांनी केली. त्यांच्या अहवालानंतर ब्रिटनमध्ये मोठ्या गुन्ह्यांची माहिती संगणकावर एकत्र ठेवण्याची पद्धत उभी राहिली. तिच्या नावाची आद्याक्षरे ‘होम्स’ अशी जुळवून घेतली होती. जुळणी यंत्राकडे सोपविणे सोपे होते. अहवाल मात्र १९८१ पासून पंचवीस वर्षे बंद राहिला व जून २००६ मध्ये जाहीर झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये ध्वनिफितीचा कर्ता, संडरलँडचा जॉन हंबल, पाकिटावरील लाळेच्या डीएनए तपासणीवरून सापडून आठ वर्षांसाठी तुरुंगात गेला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये कैदेत असताना सटक्लिफ मरण पावला. त्या दिवशी वेस्ट यॉर्कशर पोलिसांनी, तपासाच्या काळात बळी पडलेल्या स्त्रियांविषयी जी भाषा वापरली गेली तिच्याबद्दल, त्यांच्या नातेवाइकांची माफी मागितली.