पाइपवाल्याने सिगारला हात घालताना

अमेरिकेत पाइपच्या तंबाखूचा ५० ग्रॅमचा डबा साधारण १० ते १६ डॉलरला मिळतो आणि सतरा-अठरा वेळा तरी पुरतो. म्हणजे एका वेळेचा खर्च जेमतेम डॉलरभर. हाताने वळलेली बरी सिगार एकटीच ८ ते १२ डॉलर खाते आणि तासाभरात तिची राख होते. पाइप मध्येच विझवून संध्याकाळी पुन्हा पेटवता येतो; अर्धी ठेवलेली सिगार कडवट होते.

म्हणून आधी सुटी सिगार घ्या, पेटी नको. कुठली, ते तुमच्या पाइपवर ठरतं. बर्ली ओढणाऱ्याला सिगार लवकर ओळखीची वाटते, कारण दोन्ही पानं हवेवर सुकवलेली. लटाकियाचा धुरकटपणा मात्र नेहमीच्या सिगारमध्ये शोधूनही सापडणार नाही. तो येतो पान धुरावर धरल्याने. तसंच हवं असेल तर ड्रू इस्टेट कंपनीची ‘केंटकी फायर क्युअर्ड’ मागा. पेरिकच्या मिरमिरीची सवय असलेल्याने निकाराग्वाची घ्यावी. व्हॅनिलाच्या डब्यावर वाढलेल्यांना पहिली सिगार कोरडी लागेल; इथे गोडवा वरून शिंपडलेला नसतो, पान आंबवताना आलेला असतो. वरचं पान पाहा: फिकट कनेक्टिकट सौम्य, काळपट माडुरो गोडसर. पण रंग म्हणजे कडकपणा नव्हे. कडकपणा आतल्या लिगेरोचा, म्हणजे झाडाच्या शेंड्याकडच्या पानांचा. वर्णनातली ‘कोको, चामडं, देवदार’ ही यादी थोडी हसूनच वाचावी.

धूर छातीत ओढू नका, मिनिटाला एक झुरका पुरे. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडातूनच भिनतं. रिकाम्या पोटी चक्कर ठरलेली. तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही आहेच, पाइपइतकाच खरा.

सिगार ठेवायच्या लाकडी ह्युमिडॉरची घाई नको. घट्ट झाकणाचा डबा आणि पाचेक डॉलरची ६५ किंवा ६९ टक्क्यांची आर्द्रतेची पुडी एवढ्यावर काम भागतं. त्या डब्यात पाइपचा तंबाखू मात्र ठेवू नका, वास लागतो.

करात मोठी तफावत आहे. न्यूयॉर्क राज्यात घाऊक किमतीच्या ७५ टक्के कर, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मोठ्या सिगारवर राज्याचा तंबाखू-कर शून्य. भारतात येताना २५ सिगार किंवा १२५ ग्रॅम तंबाखू शुल्काविना आणता येतो. दोन्ही नाही.