परसात मोठा कांदा कसा आणावा

कांद्यावाचून ज्याची भाकर अडत नाही, असे घर आपल्या गावांत विरळाच. असे असूनही परसात कांदा लावणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते, ती ही की, पात उदंड येते, परंतु उपटून पाहावे तो खाली गोटीएवढी चिंगळी! मग कोणी जमिनीस दोष देतो, कोणी बियाण्यास देतो, आणि पुढील वर्षी वाफा रिकामाच राहतो. माझ्या पाहण्यात दोष बहुधा वेळेचा असतो. म्हणून कांदा मोठा कशाने होतो, हे प्रथम समजून घेऊ. लावणीची रीत मागाहून.

एखादा कांदा आडवा चिरून पाहावा. आत एकात एक वेढे दिसतात. हे वेढे म्हणजे पातींची जाड झालेली बुडेच होत. अर्थात जितक्या भरदार पाती, तितके जाड वेढे. आता, रोप बुडाशी केव्हा पोसू लागते, हे केवळ त्याच्या वयावर अवलंबून नाही. दिवस ठराविक लांबीचा झाला व ऊन तापू लागले की ते नव्या पाती काढण्याचे सोडून कांदा धरू लागते. मग त्यास पाती चार असोत की दहा. ज्या रोपाने तोपर्यंत आठ-दहा पाती कमावल्या, त्याचा कांदा मुठीएवढा होतो. जे उशिरा लागले, त्याची गोटी होते. पुढे कितीही खत घातले तरी गेलेला महिना परत येत नाही.

ह्यातच बियाण्याच्या जातीचाही प्रश्न आला. आपल्याकडील जातींस अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो. विलायतेतील मोठमोठ्या कांद्यांस चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो. आणि महाराष्ट्रात सर्वांत मोठा दिवसही सुमारे साडेतेरा तासांचाच असतो. तेव्हा तिकडील बियाणे कोणी हौसेने आणून दिले, तर घेणाऱ्याने पातीची भाजी करून खाण्याची तयारी ठेवावी! आपल्याकडेही हंगामागणिक जात निराळी. उन्हाळी कांद्यास एन-2-4-1, पावसाळीस बसवंत 780 किंवा एन-53. शिवाय राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने काढलेल्या ‘भीमा’ नावाच्या जाती आहेत, त्यांतही हंगाम विचारूनच घ्यावे.

बियाण्याच्या वयाविषयी मला माझीच चूक सांगितली पाहिजे. एका वर्षी शेजारच्या कुटुंबास मी माझ्या डब्यातील बी मोठ्या विश्वासाने दिले. ते दोन वर्षांपूर्वीचे होते, आणि कांद्याचे बी जेमतेम वर्षभरच जोमदार राहते, हे मी ध्यानात घेतले नव्हते. वाफ्यात दहा ठिकाणी एक अंकुर. दुसरे बी आणून टाकीपर्यंत हंगाम सरला, आणि त्या घरातील माणसांस वर्षभर कांदा विकत घ्यावा लागला. त्यांनी मला शब्दाने दुखविले नाही. तेच मला अधिक लागले. तेव्हापासून मी शंभर बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो, फडके सुकू देत नाही, आणि आठ-दहा दिवसांनी मोड मोजतो. सत्तरांहून कमी निघाले तर ते बी कोणास देत नाही.

उन्हाळी कांदा नवशिक्यास सर्वांत सोपा. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबराच्या आरंभी, चार बोटे उंचीचा गादी वाफा करावा, कुजलेले शेणखत मिसळावे, आणि चार-चार बोटांवर रेघा ओढून बी पातळ पेरावे. वर मातीचा थर अर्धे बोट पुरे. बी दाट पडले की रोपे केसासारखी बारीक होतात व बुडाशी कुजतात. तीन मीटर लांब व तितक्याच रुंद जागेस चार-पाच ग्रॅम बी पुष्कळ झाले.

आठ आठवड्यांची रोपे नाताळाच्या आगेमागे उपटून लावावी. दोन ओळींत 15 सेंटीमीटर व दोन रोपांत 10 सेंटीमीटर अंतर ठेवण्याची रीत आहे. ज्यास खरोखर मोठा कांदा पाहिजे, त्याने दोन्हीकडे 15 ठेवावे. संख्या घटेल, कांदा वाढेल. रोप खोल पुरू नये. मुळे व पांढरे बूड झाकले म्हणजे झाले. मुळे वरवर असतात, म्हणून खुरपे हलके चालवावे आणि वाफा फार सुकू देऊ नये. नत्राचे खत दीड महिन्यानंतर देऊ नये, नाही तर माना जाड होतात व तो कांदा टिकत नाही. मोरीचे साबणाचे पाणी वाफ्यात सोडण्याची सवय पुष्कळ घरी आहे. ती मला पसंत नाही.

दुसरी रीत लहान कांदे लावण्याची. पावसाळ्यात रोप कुजते, तेथे ही फार उपयोगी पडते. पावसाळी जातीचे बी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत मुद्दाम दाट पेरावे व रोपे तेथेच राहू द्यावी. गर्दीमुळे एप्रिल-मे महिन्यांत बोराएवढे कांदे होतात. ते पातीसकट उपटून, जुड्या बांधून, वाऱ्याच्या जागी टांगावे आणि ऑगस्टात वरंब्यावर लावावे. दीड ते दोन सेंटीमीटर जाडीचेच निवडावे. मोठा निवडला म्हणजे मोठे पीक येईल, हा समज चुकीचा आहे. त्यास डेंगळा फुटतो किंवा जोडकांदा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे बाजारात जुना कांदा संपत आलेला असतो त्या वेळी, हे पीक घरात येते.

उन्हाळी पिकाच्या निम्म्या माना आपोआप पडल्या म्हणजे ते तयार झाले असे समजावे. पायाने माना मोडू नयेत. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे. पावसाळी कांद्याच्या माना सहसा पडत नाहीत. तेथे पातीचे शेंडे पिवळे पडलेले पाहावे. काढलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस असा पसरावा की एकाची पात दुसऱ्यास झाकील. मग दोन बोटे मान ठेवून पात कापावी आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकू द्यावा. जाड मानेचे, जोडकांदे व डेंगळे आधी खाऊन टाकावे. उरलेले जमिनीवर ढीग न घालता, खालून वारा खेळेल अशा बांबूच्या ताटीवर पातळ पसरावे आणि आठवड्यातून एकदा हात फिरवून नासका वेचून काढावा.