गाडीच्या रंगावरील वर्तुळे

गडद रंगाची एखादी मोटार भर दुपारच्या उन्हात उभी असेल, तर तिच्या बॉनेटकडे नीट निरखून पाहा. सूर्याच्या लखलखीत प्रतिमेभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतील. तीच गाडी सावलीत नेली, की वर्तुळे नाहीशी होतात. पुष्कळ जण म्हणतात, "फडके गोल गोल फिरवून पुसले, म्हणून गोल चरे पडले." हे कितपत खरे आहे, ते एका सोप्या प्रयोगाने ठरवू.

घरातील रोजच्या वापरातले स्टीलचे ताट घ्या. रात्री खोलीत एकच दिवा ठेवा आणि ताटात त्याची प्रतिमा पाहा. प्रतिमेभोवती तशीच वर्तुळे दिसतील. आता ताट न हलवता डोके थोडे उजवीकडे न्या. प्रतिमा सरकते आणि तिच्याबरोबर वर्तुळेही सरकतात! ताटावरचे चरे तर जागच्या जागी आहेत. मग वर्तुळे सरकली कशी?

चरा म्हणजे एक अतिशय बारीक पन्हळ समजा. तिच्यावर पडलेला प्रकाश तिच्या लांबीला आडवा पसरतो. लांबीच्या दिशेने पसरत नाही. दिव्याच्या प्रतिमेच्या वरच्या बाजूला दोन चरे आहेत, एक आडवा व एक उभा. आडव्या चऱ्याचा प्रकाश वर-खाली पसरतो आणि त्याचा काही भाग आपल्या डोळ्यांत शिरतो. उभ्या चऱ्याचा प्रकाश डाव्या-उजव्या बाजूंना निघून जातो, म्हणून तो चरा दिसत नाही. प्रतिमेच्या बाजूला मात्र याच्या उलट घडते. तेथे उभे चरे चमकतात. अशा रीतीने सर्व दिशांना पडलेल्या हजारो सरळ चऱ्यांतून डोळा फक्त वर्तुळाला स्पर्शिका असणारे तुकडे निवडतो. चरे गाडीवर आहेत, पण वर्तुळे मात्र दिवा, पृष्ठभाग व डोळा यांच्या मांडणीतून निर्माण होतात.

हे चरे पडतात कशात? आजच्या मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे अनेक थर असतात. सर्वांत खाली गंजरोधक थर, त्यावर अस्तर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर बिनरंगी, पारदर्शक लेप. यालाच 'क्लिअर कोट' म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी असते. गाडीला चकाकी देणे आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणे ही दोन्ही कामे हा पातळ पापुद्रा करतो.

आपल्या हिंगोली जिल्ह्याची जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची आहे. रस्त्यावरच्या धुळीत काळ्या मातीबरोबर या खडकाचा कठीण चुराही असतो. त्यातील फेल्डस्पारची कठिनता मोहच्या मापनश्रेणीत ६ आहे. वाळूतील गारेची ७. प्लॅस्टिकच्या जातीचा पारदर्शक लेप यापुढे फारच मऊ. गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने झटकणे म्हणजे लेपावर बारीक पॉलिशपेपर घासण्यासारखेच आहे. म्हणून आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी आणि मगच साबणाच्या पाण्यात भिजवलेले मऊ कापड लावावे. कापड पिळण्यासाठी दुसरी बादली ठेवावी, म्हणजे निघालेली रेती पुन्हा गाडीवर जात नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. चऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. उथळ चरा दिसेनासा होतो. याचे कारण अपवर्तनांकात आहे. लेपाचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा १ आणि पाण्याचा १.३३. हवा व लेप यांच्या सीमेवर लंब दिशेने पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परावर्तित होतो. पाणी व लेप यांच्या सीमेवर अर्धा टक्कासुद्धा होत नाही. मेण लावल्यावर चरे लपतात तेही याच कारणाने. मेण धुऊन गेले, की चरे पुन्हा हजर!

चरा खरोखर घालवायचा तर तो बुजवून भागत नाही. भोवतालचा उंचवटा चऱ्याच्या तळापर्यंत उतरवावा लागतो. पॉलिशच्या लेपीमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात. तेही चरे पाडतातच, पण फार उथळ. पृष्ठभागाचा खडबडीतपणा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागाहून, म्हणजे सुमारे ०.०७ मायक्रोमीटरहून कमी झाला, की डोळ्याला तो आरशासारखा भासतो.

येथे थोडे गणित करू. लेप ४५ मायक्रोमीटर आणि चरे ३ मायक्रोमीटर खोल आहेत असे धरा. एकदा घासल्यावर ४२ उरतील. दर दिवाळीला याप्रमाणे सहा वर्षे घासले, तर २७ उरतील. लेप फार पातळ झाला, की अतिनील किरण खालच्या रंगापर्यंत पोचतात, लेपाची पकड सुटते आणि त्याचे पापुद्रे निघू लागतात. त्यावर पॉलिशचा इलाज नाही. तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. म्हणूनच नखाला अडकणारा खोल चरा घासून समूळ काढण्याचा हट्ट धरू नये. यंत्राने घासताना पत्र्याच्या कडांनाही जपावे. तेथे तेवढेच बल लहान क्षेत्रफळावर पडते, दाब वाढतो आणि लेप लवकर झिजतो. घासताना फडक्याला गाडीचा रंग लागू लागला, तर काम तत्काळ थांबवावे. जुन्या, एकाच थराच्या रंगात तसे होणे साहजिक होते. आजच्या गाडीत त्याचा अर्थ पारदर्शक लेप संपला असा होतो.

दुसऱ्या गाडीला घासून उमटलेला पट्टा मात्र पुष्कळदा चरा नसतोच. समोरच्या गाडीचा रंग आपल्या लेपावर चिकटलेला असतो. तेथे काही काढून टाकण्याआधी हाताने चाचपून पाहावे.

घासून गुळगुळीत करण्याची ही विद्या किती उंच जाते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात उभे राहणार आहे. औंढा नागनाथजवळ होणाऱ्या 'लायगो-इंडिया' या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. तिच्या प्रत्येक भुजेची लांबी ४ किलोमीटर असेल. अमेरिकेतील लायगोचे मुख्य आरसे ३४ सेंटिमीटर व्यासाचे व ४० किलोग्रॅम वजनाचे आहेत, आणि त्यांच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा एका नॅनोमीटरहूनही कमी आहे. तेथे चऱ्यावरून विखुरलेला प्रकाश केवळ डोळ्यांना खुपत नाही. दूरच्या कृष्णविवरांकडून आलेला क्षीण संदेशच तो झाकून टाकू शकतो.

करून पाहा : (१) एका जुन्या ताटावर फक्त एकाच दिशेने चरे पाडा. आता दिव्याभोवती पूर्ण वर्तुळ दिसते का? नसल्यास काय दिसते? (२) वहीचा गुळगुळीत पुठ्ठा डोळ्यांच्या पातळीत धरून त्यातून खिडकीकडे पाहा. समोरून न दिसणारे प्रतिबिंब तिरकस पाहिल्यावर का दिसते, याचा शोध घ्या.