पोखरण, पौर्णिमा आणि प्रचार

भारताने पहिला अणुस्फोट बुद्धपौर्णिमेच्या दिवशी केला, म्हणून त्यास ‘हसरा बुद्ध’ हे नाव मिळाले, असे आम्ही महागावच्या वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो. एके दिवशी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पंचांग पाहिले का?” पाहिले नव्हते. इतिहासाच्या शिक्षकास हे शोभणारे नव्हते.

स्फोट झाला 18 मे 1974 रोजी. त्या वर्षी 4 जूनच्या रात्री चंद्रग्रहण होते आणि चंद्रग्रहण पौर्णिमेसच होते. तेथून एकोणतीस दिवस मागे मोजले की 6 मे येतो. वैशाख पौर्णिमा ती. 18 मे रोजी तर अमावास्या जवळ आली होती! 11 मे 1998 रोजीच्या चाचण्या मात्र खरोखरच बुद्धपौर्णिमेस झाल्या. दोन्ही आठवणी पुढे एकमेकींत मिसळल्या असाव्यात.

तारीख चुकली, एवढ्यावर हे थांबत नाही. करुणेच्या शास्त्याचे नाव शस्त्रास जोडले गेले आणि आपणही ते कौतुकाने सांगत राहिलो.

शासनाने 1974 साली वापरलेला अधिकृत शब्द होता ‘शांततामय अणुस्फोट’. त्यातील प्लुटोनियम तुर्भे येथील ज्या अणुभट्टीतून आले, ती कॅनडाच्या साहाय्याने, शांततामय वापराच्या हमीवर उभी राहिली होती. म्हणजे तो शब्द परराष्ट्रांसाठीही आवश्यक होता. देशात त्याच महिन्यात, 8 मेपासून, रेल्वे कामगारांचा प्रचंड संप सुरू होता, महागाईने लोक त्रस्त होते. अशा वेळी अभिमानाची वार्ता राज्यकर्त्यांच्या किती उपयोगी पडते, हे सांगावयास नको. पुढे 1997 साली, चाचणीचे एक प्रमुख शास्त्रज्ञ राजा रामण्णा यांनी तो बॉम्बच होता, असे स्वतः सांगितले. तेवीस वर्षे एक विशेषण पुरले.

1998 नंतर पंतप्रधान वाजपेयींनी जुन्या घोषणेस ‘जय विज्ञान’ जोडले. 11 मे हा राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन झाला. (विदर्भात तेव्हा शाळांना उन्हाळी सुटी असते, म्हणून आमची भाषणे वाचली.) दुसरीकडे 1962 च्या अणुऊर्जा कायद्याने या क्षेत्रातील माहिती उघड करण्यावर निर्बंध घातले होते. उत्सव सर्वांसाठी खुला, तपशील मात्र कुलुपात.

त्या विद्यार्थिनीने वर्गातील तक्त्यावरील ‘बुद्धपौर्णिमा’ हा शब्द आमच्यासमोर खोडला. तारीख तशीच ठेवली.